एका कोयत्यात माणसे किती?

साथरोगशास्त्र हा शब्द मराठीत रूढ झाला असला, तरी त्यातल्या ‘साथ’ या पदामुळे एक गैरसमजही रूढ झाला आहे, तो असा की पटकी, प्लेग, गोवर किंवा करोना यांसारखा संसर्गजन्य रोग गावात शिरला की या शास्त्राचे काम सुरू होते आणि साथ ओसरली की ते संपते. प्रत्यक्षात त्याचा विषय त्याहून कितीतरी मोठा आहे. दवाखान्यातला डॉक्टर समोर बसलेल्या एका माणसाला काय झाले आहे हे शोधतो, तर साथरोगशास्त्र एका संपूर्ण लोकसमूहाकडे पाहून विचारते, की हा रोग येथे कोणाला होतो, कोणाला होत नाही, कोणत्या दिवसांत होतो, कोणत्या वस्तीत होतो आणि या फरकामागचे कारण काय. हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसरा अध्याय जनपदोद्ध्वंसाविषयी, म्हणजे प्रदेशच्या प्रदेश रोगाने उद्ध्वस्त होण्याविषयी आहे, आणि ज्यांची प्रकृती, आहार, बळ व वय वेगवेगळे आहे अशी माणसे एकाच वेळी एकाच रोगाने का मरतात, ही त्यातली मूळ शंका आहे. वायू, उदक, देश आणि काल या चार गोष्टी सर्वांना समान असतात व त्या बिघडल्या की सर्वांनाच बाधतात, हे त्यावरचे उत्तर. आजच्या सार्वजनिक आरोग्याची भाषा बदलली असली तरी पाणी, हवा, जागा आणि काळ हेच आजही तपासले जातात. भर पडली आहे ती मोजणीची.

या मोजणीचे मर्म शाळेतल्या अपूर्णांकात आहे. अपूर्णांकाला वर अंश असतो आणि खाली छेद; रोगाच्या हिशेबात अंश म्हणजे आजारी पडलेली माणसे आणि छेद म्हणजे तो आजार ज्यांना होऊ शकला असता अशी सगळी माणसे. एका गावात काविळीचे २० रुग्ण आणि दुसऱ्यात ४० असे ऐकले की दुसऱ्या गावाची काळजी वाटते. पण पहिल्या गावची लोकसंख्या १,००० आणि दुसऱ्याची १०,००० असेल तर पहिल्या गावात शंभरातले दोघे आणि दुसऱ्यात हजारातले चौघे आजारी आहेत, म्हणजे पहिल्या गावातला रोगाचा जोर पाचपट आहे. अंश मिळवणे तुलनेने सोपे असते, कारण आजारी माणूस कधी ना कधी दवाखान्याच्या नोंदवहीत येतो. अवघड असतो तो छेद, कारण त्यात धडधाकट, दवाखान्याकडे न फिरकलेली, कोठेही नाव नसलेली माणसेसुद्धा मोजावी लागतात, आणि जी माणसे एका जागी राहत नाहीत ती या मोजणीतून सर्वांत आधी निसटतात.

हे निसटणे कसे घडते ते पाहण्यासाठी बिद्रीइतके योग्य ठिकाण सापडणे कठीण आहे. कोल्हापूरहून गारगोटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कागल तालुक्यात हे गाव आहे, आणि दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे सबंध जिल्ह्यात ‘बिद्री’ म्हटले की गावाआधी कारखानाच डोळ्यांपुढे येतो. दूधगंगा आणि वेदगंगा या दोन नद्यांच्या पाण्यावर कागल, राधानगरी आणि भुदरगड तालुक्यांतली शिवारे उसाने भरलेली असतात, आणि गळीत हंगाम सुरू झाला की तो ऊस तोडण्यासाठी टोळ्या उतरतात; त्यांत आसपासचे लोक असतात तसेच बीडसारख्या दुष्काळी जिल्ह्यांतून शेकडो किलोमीटर अंतर तोडून आलेली कुटुंबेही असतात. दिवाळीच्या सुमारास आलेली ही माणसे हंगामाचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे फाल्गुन-चैत्रापर्यंत येथेच राहतात. वर्षातले चार ते सहा महिने जो माणूस एका गावाचे पाणी पितो, तेथल्या माश्या-डास अंगावर घेतो आणि तेथल्या बाजारात मीठमिरची भरतो, तो साथरोगशास्त्राच्या दृष्टीने त्या गावचाच असतो. शिधापत्रिका कोठली आहे याच्याशी विषाणूला कर्तव्य नसते.

पण ऊसतोडीच्या व्यवहारात माणूस हे मोजणीचे एककच नाही. तेथे मोजला जातो कोयता. नवरा आणि बायको मिळून एक कोयता होतो, एकटा माणूस आला तर तो अर्धा कोयता. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्यामागे आणि टोळी किती मोठी हे सांगितले जाते तेही कोयत्यांत. अमुक टोळीत २० कोयते आहेत असे म्हटले की तोडीचा अंदाज बांधणाऱ्याला पुरेसे होते, परंतु त्या २० कोयत्यांत ४० प्रौढ माणसे आहेत, त्यांतल्या २० बायका आहेत, एखादी सात महिन्यांची गरोदर आहे, आणि फडाच्या बांधावर साडीच्या झोळीत निजलेली, उसाच्या पाचटावर खेळणारी किंवा पालात धाकट्या भावंडाला सांभाळत बसलेली मुले वेगळीच आहेत, हे त्या आकड्यातून कळत नाही. मूल कोयत्यात शून्य धरले जाते. बाई अर्धी धरली जाते आणि तीही नवऱ्याच्या नावाखाली.

ही शून्ये किती महागात पडू शकतात हे गोवराच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. गोवर हा माणसांत सर्वांत वेगाने पसरणाऱ्या रोगांपैकी एक आहे. कोणालाच प्रतिकारशक्ती नसलेल्या समूहात एका रुग्णापासून सरासरी १२ ते १८ जणांना लागण होते. अशा रोगाला अडवायचे तर सुमारे ९५ टक्के मुले लसीने सुरक्षित असावी लागतात, कारण तेवढ्या प्रमाणात विषाणूला पुढची जागाच मिळत नाही आणि ज्या थोड्या मुलांना लस देता आलेली नसते तीही इतरांच्या आडोशाने वाचतात. यालाच सामूहिक प्रतिकारशक्ती म्हणतात. आता समजा, एका गावात लसीच्या वयाची २०० मुले आहेत आणि त्यांपैकी १९० जणांना लस मिळाली आहे. कागदावर ९५ टक्के, म्हणजे गाव सुरक्षित. हंगामात त्याच गावाच्या शिवेवर पालांची वस्ती पडली, तीत १०० मुले आली आणि त्यांतल्या निम्म्यांचीच लस झालेली आहे. गावच्या नोंदवहीत ही मुले नाहीत, त्यामुळे कागद ९५ टक्केच दाखवत राहतो. विषाणूपुढे मात्र ३०० पैकी २४०, म्हणजे ८० टक्केच मुले सुरक्षित असतात. त्यातही ही सरासरी दिलासा देणारीच म्हणावी लागेल, कारण लस न झालेली ५० मुले गावभर विखुरलेली नसून एकाच माळावर, पालाला पाल लागून, एकाच टाकीचे पाणी पीत राहत असतात.

लस चुकते ती आईबापांच्या अनास्थेमुळे, असे म्हणणे सोपे असले तरी लसीकरणाचे वेळापत्रक आणि गळीत हंगामाचे वेळापत्रक शेजारी ठेवले तर वेगळेच चित्र दिसते. जन्मानंतरच्या लसी सहा, दहा आणि चौदा आठवड्यांनी असतात, गोवर-रुबेलाची पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान असते. दसऱ्याच्या सुमारास जन्मलेल्या मुलाच्या पहिल्या तिन्ही भेटी हंगामात येतात. चैत्रात जन्मलेल्या मुलाचे नऊ महिने पौषात, ऐन तोडीच्या भरात भरतात. त्याच्या मूळ गावची आशाताई त्या दिवशी घरी जाते तेव्हा घराला कुलूप असते, आणि बिद्रीच्या पंचक्रोशीतल्या आशाताईच्या यादीत त्याचे नाव नसते. दोघीही आपापले काम चोख करतात आणि मूल राहून जाते.

पोलिओच्या मोहिमेने या अडचणीवर उपाय शोधला होता, म्हणून तो येथे आठवणे आवश्यक आहे. भारतात पल्स पोलिओ मोहीम १९९५ मध्ये सुरू झाली, देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमधील हावड्यात सापडला आणि मार्च २०१४ मध्ये भारतासह आग्नेय आशिया विभागाला पोलिओमुक्त ठरवण्यात आले. या यशात वीटभट्ट्या, बांधकामे आणि साखर कारखान्यांच्या वस्त्यांची स्वतंत्र यादी करून तेथे फिरती पथके पाठवण्याचा वाटा मोठा होता. घरोघर जाणारे पथक काम झाल्यावर घराच्या भिंतीवर खडूने खूण करून ठेवत असे. पालाला भिंत नसते आणि ताडपत्रीवर खडू उमटत नाही, त्यामुळे अशा वस्तीत मुलाच्या डाव्या करंगळीच्या नखावर केलेली शाईची खूणच खरी नोंद ठरे. मुलाबरोबर फिरणारी नोंद ही कल्पना त्या करंगळीवर होती. मोहिमेच्या दिवसांपुरते का होईना, छेद पूर्ण मोजला जात होता.

पाण्यातून पसरणाऱ्या रोगांत स्थलांतराचा परिणाम आणखी गुंतागुंतीचा होतो. कोल्हापूर जिल्ह्याला काविळीच्या साथी नव्या नाहीत. १९८० च्या दशकाच्या आरंभी कोल्हापूर शहरात दूषित पाण्यातून पसरलेल्या काविळीचा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या शास्त्रज्ञांनी अभ्यास केला होता, आणि २०१२ च्या उन्हाळ्यात पंचगंगेकाठच्या इचलकरंजीत काविळीची मोठी साथ येऊन माणसे दगावली. अशा साथींमागे बहुधा हिपॅटायटिस-ई हा विषाणू असतो. मैलामिश्रित पाणी पोटात गेल्यापासून कावीळ दिसेपर्यंत दोन ते दहा आठवडे जातात. या अवधीला अधिशयन काल म्हणतात. साथीचा उगम शोधणारे पथक रुग्णांच्या तारखांचा आलेख काढते आणि त्याच्या शिखरापासून सुमारे सहा आठवडे मागे जाऊन त्या वेळी कोणती जलवाहिनी फुटली होती, कोणत्या विहिरीत ओढ्याचे पाणी शिरले होते हे तपासते. हे तंत्र माणसे जागेवर असतील तरच चालते. माघात कोल्हापुरातल्या एखाद्या शिवारात दूषित पाणी प्यालेली टोळी पट्टा पडल्यावर गावी परतली, तर तिच्यातल्या माणसांचे डोळे पिवळे होतात ते बीड जिल्ह्यातल्या पाच वेगवेगळ्या वाड्यांत. प्रत्येक वाडीत एखाददुसराच रुग्ण दिसतो, साथ म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही, आणि जेथे पाणी बिघडले होते तेथे एकही रुग्ण उरलेला नसतो. एरवी बरी होणारी ही कावीळ गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत झाली तर शंभरातल्या वीस-पंचवीस बायका दगावू शकतात, आणि ऊसतोडीला आलेल्या बायकांत गरोदर बायका असतातच, हे लक्षात घेतले की माळावरच्या टाकीत क्लोरीन पडते की नाही या क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नाचे वजन कळते.

ऊसतोड बायकांच्या आरोग्याचा सर्वांत गंभीर प्रश्न मात्र कोणत्याही जंतूमुळे उद्भवलेला नाही, आणि साथरोगशास्त्र साथीपुरते नसते हे तोच सर्वांत ठसठशीतपणे दाखवतो. जून २०१९ मध्ये राज्याच्या तत्कालीन आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितले, की बीड जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ बायकांची गर्भाशये शस्त्रक्रियेने काढण्यात आली. बायका याला ‘पिशवी काढणे’ म्हणतात. आकडा धक्कादायक होता, पण तो नुसता अंश होता. किती बायकांमध्ये ४,६०५, हे त्यातून कळत नव्हते. त्यानंतर विधान परिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ऊसतोड बायकांची पाहणी घडवून आणली, आणि बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. आता छेद मिळाला होता. १६.८ टक्के, म्हणजे सहा बायकांमागे एक.

हे प्रमाण जास्त आहे की नाही, हे ठरवायला तुलना लागते, आणि तुलना हा या शास्त्राचा दुसरा पाय आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण ३.२ टक्के होते. पाचपट तफावत दिसते. परंतु सावध वाचकाने येथे थांबून वय विचारले पाहिजे. गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया वय वाढेल तशी अधिक बायकांची झालेली असते, त्यामुळे एका गटात तरुण मुली जास्त आणि दुसऱ्यात चाळिशीच्या बायका जास्त असतील तर कामाचा काही संबंध नसतानाही दुसऱ्या गटाचे प्रमाण मोठे दिसेल. तुलनेत असा आडून घुसणारा घटक ओळखून, समान वयाच्या बायकांची समान वयाच्या बायकांशी तुलना करणे याला वयसमायोजन म्हणतात. ते केल्यावर तफावत आकसू शकते. ती नाहीशीच होईल असे मानायला मात्र आधार नाही. याच सर्वेक्षणात आंध्र प्रदेशात ८.९ आणि तेलंगणात ७.७ टक्के बायकांचे गर्भाशय काढलेले होते, तेव्हा ऊसतोडीशिवायही हे प्रमाण वाढते. शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयांची सवय आणि पैशाचा मार्ग हीदेखील कारणे असतात.

म्हणून एकच कारण शोधण्यापेक्षा कारणांची साखळी मांडणे अधिक खरे ठरते. अल्पवयात लग्न, लवकर आलेली बाळंतपणे, डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीच्या फळीवर चढणे, पाळीच्या दिवसांत ना आडोसा ना पाणी, त्यातून अंगावरून पांढरे जाणे व ओटीपोटात दुखणे, दुखणे सांगितले की एखाद्या दवाखान्यात दाखवली जाणारी कर्करोगाची भीती, आणि एक दिवस कामाला न गेल्यास उचलीतून कापला जाणारा खाडा, या सगळ्यांच्या शेवटी पिशवी काढून टाकण्याचा निर्णय येतो. तो बाईचा निर्णय म्हणून नोंदला जातो. ज्या दुखण्यासाठी गोळ्यांचा एक आठवडा आणि चार दिवसांची विश्रांती पुरली असती, त्यासाठी ऐन तिशीत गर्भाशय, आणि त्याबरोबर बीजकोशही, काढला गेला तर पाळी बंद झाल्यानंतरची हाडांची झीज, अंगाची आग आणि हृदयरोगाचा धोका कित्येक वर्षे आधीच सुरू होतो, आणि उचल फेडायची असल्याने पुढच्या हंगामात मोळी तर उचलावीच लागते.

बायकांची ही दुखणी इतकी वर्षे आकड्यांत का आली नाहीत, याचे उत्तर डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत केलेल्या अभ्यासात मिळते. १९८९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दवाखान्यात आलेल्या बायकांवर न थांबता गावातल्या ६५० बायकांची तपासणी करण्यात आली, तेव्हा ९२ टक्के जणींना स्त्रीरोग असल्याचे आढळले, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या बायका होत्या जेमतेम ८ टक्के. दवाखान्याच्या दारात बसून मोजणारा या ९२ टक्के जणींपैकी बहुतेकींना कधीच भेटला नसता. जगभरच्या सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासकांना या दोन गावांनी जे शिकवले, ते आजही पुरेसे आचरणात आलेले नाही.

बिद्रीसारख्या ठिकाणी हंगामात तपासणी शिबिर घेतले तर हा प्रश्न सुटेल, असे वाटणे स्वाभाविक आहे, पण त्यात एक सूक्ष्म चकवा आहे. कष्टाच्या कामावर तेच लोक दिसतात ज्यांचे शरीर अजून ते काम झेपवते. जी बाई शस्त्रक्रियेनंतर खचली, ज्या माणसाची पाठ गेली, तो त्या वर्षी गावीच राहिलेला असतो. त्यामुळे फडात केलेल्या पाहणीत कामगार असतात त्याहून निरोगी दिसतात. याला निरोगी कामगारांचा परिणाम म्हणतात. उलट गावी राहिलेल्यांचीच पाहणी केली तर दुखण्यांचे प्रमाण वाजवीपेक्षा मोठे दिसेल. दोन्ही टोकांना, निघण्यापूर्वी आणि परतल्यावर, तीच माणसे तपासली तरच खरे चित्र हाती येते, आणि गोऱ्हे समितीने हंगामाच्या आधी व नंतर आरोग्यतपासणीची जी शिफारस केली तिचे महत्त्व उपचाराइतकेच मोजणीसाठीही आहे. नेमक्या तुलनेतून काय हाती लागते याचे एक उदाहरण मध्य अमेरिकेतले आहे. तेथे एल साल्वाडोर आणि निकाराग्वा या देशांत तरुण ऊसतोड कामगारांची मूत्रपिंडे मधुमेह वा रक्तदाब नसतानाही निकामी होत असल्याचे लक्षात आले, तेव्हा किनाऱ्यालगतच्या उष्ण सखल भागातले तोडकरी आणि थंड उंचावरचे तोडकरी यांची तुलना करण्यात आली. सखल भागातल्यांची मूत्रपिंडे अधिक बिघडलेली निघाली आणि उन्हातल्या अतिश्रमावरचा संशय बळावला. पुढे तेथल्या फडांवर पाणी, विश्रांती आणि सावली या तीन साध्या गोष्टींची योजना राबवली गेली. महाराष्ट्रातली तोड हिवाळ्यात सुरू होत असली तरी शेवटचे आठवडे होळीनंतरच्या उन्हात जातात, त्यामुळे हा प्रश्न येथेही विचारण्याजोगा आहे.

मोजणी अशक्य आहे असे मात्र कोणी म्हणू नये. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीमुळे ऊसतोड कामगार राज्यभर अडकून पडले, तेव्हा ३८ कारखान्यांच्या तात्पुरत्या निवाऱ्यांत सुमारे १ लाख ३१ हजार कामगार असल्याचे शासनाने सांगितले आणि त्यांना गावी पाठवण्याची व्यवस्था लावली. ही माणसे आजार नेतील ही भीती होती म्हणून त्यांची गणना झाली. ती आजारी पडतील ही काळजी त्याच गणनेला दर हंगामात पुरेशी ठरायला हवी. कारखान्याचा शेती विभाग कोणत्या गटात कोणती टोळी उतरली हे रोज जाणतो, प्रत्येक खेपेची चिठ्ठी फाडली जाते, काट्यावर उसाचे वजन किलोपर्यंत नोंदले जाते. या यंत्रणेवर आणखी एक रकाना चढवणे अवघड नाही. टोळी माळावर उतरल्याच्या पहिल्या आठवड्यात परिसरातल्या प्राथमिक आरोग्य केंद्राची सेविका आणि शेती विभागाचा कर्मचारी एकत्र गेले, ताडपत्री उभी राहत असतानाच पत्र्याच्या पेटीतून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले माता-बाल संरक्षण कार्ड बाहेर निघाले, आणि शेवटची मात्रा बीडमध्ये कोणत्या तारखेला झाली ते पाहून पुढची तारीख येथल्या यादीत चढली, तर त्या मुलापुरते दोन्ही जिल्ह्यांचे छेद जुळतात. त्यासाठी मुकादमाला ‘किती कोयते?’ असे विचारून यादी पुरी होत नाही. पालापालाशी थांबून बाईचे स्वतःचे नाव, तिचे वय, लेकरे किती आणि केवढी, कोणाला कितवा महिना लागला आहे, आणि तिला काही दुखते आहे का, हे तिलाच विचारावे लागते.